चैत्र पौर्णिमेची भरती आणि विटकरी होत चाललेले पक्षी

ठाणे खाडीवर पक्षी बघायला लोक जातात ते डिसेंबर-जानेवारीत. हवा गार असते, फ्लेमिंगोचे रील्स फिरत असतात, पोरांना नाताळची सुट्टी असते, सगळं जुळून येतं. मार्च संपत आला की गर्दी ओसरते, कारण ऊन. पण माझं मत विचाराल तर खाडीचा खरा सीझन तेव्हा सुरू होतो. डिसेंबरात चिखलावर जे हजारो बारके पक्षी एकाच राखाडी गणवेशात फिरत असतात आणि नवख्याला सगळे सारखेच दिसतात, ते एप्रिलमध्ये रंग बदलतात, वजन वाढवतात आणि मग बघता बघता निघून जातात, आणि ही सगळी तयारी एका दिवसात डोळ्यांनी बघता येते, फक्त दिवस नीट निवडावा लागतो.

आणि तो निवडायचा पंचांग बघून. चेष्टा नाही करत. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे, तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हे चालतं कारण चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. बारकाईने गणित केलं तर तिथीमागे 48 मिनिटं येतात, जुन्या हिशेबात सोयीसाठी 45 धरलीयत, म्हणजे तिथीमागे तीन मिनिटांची तूट, ती पंधरा तिथ्यांत साठत साठत पाऊण तासाची होते, त्यामुळे पौर्णिमेला प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरतं आणि खाडीत आतल्या बाजूला त्याहूनही थोडं उशिरा. मोबाईलवर टाइड टेबल असतंच, पण हा हिशेब डोक्यात असला की कुणी नुसतं 'येत्या रविवारी जाऊया का' विचारलं तरी कॅलेंडर बघून लगेच हो-नाही सांगता येतं.

आता चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, घ्या. भरती दुपारी बाराच्या सुमारास म्हणजे ओहोटी पहाटे सहाच्या आसपास, सूर्योदयही साधारण तेव्हाच. शिवाय पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि भरतीला तितकंच वर चढतं. म्हणजे उजाडताना समोर मैलभर उघडा चिखल, आणि पुढचे सहा तास पाणी हळूहळू त्या चिखलावरच्या पक्ष्यांना तुमच्या दिशेने ढकलत आणणार. तुम्ही फक्त एका जागी बसायचं. भांगाच्या दिवसात, म्हणजे अष्टमी-नवमीला गेलात तर पाण्याची एवढी हालचालच नसते, पक्षी लांबच राहतात आणि लोक घरी येऊन म्हणतात काही दिसलं नाही.

बाजू कुठली ती पण महत्त्वाची. सकाळी नवी मुंबईच्या बाजूला, ऐरोली ते नेरुळ पट्ट्यात, सूर्य पाठीमागे राहतो आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. शिवडीला सकाळी गेलात तर सूर्य थेट डोळ्यात, समोर नुसत्या काळ्या आकृत्या. शिवडी संध्याकाळसाठी ठेवा.

ठाणे खाडीतला 1690 हेक्टरचा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. नावात फ्लेमिंगो असल्यामुळे बाकीच्यांकडे कुणी बघत नाही, म्हणून मी मुद्दाम बाकीच्यांपासून सुरुवात करतोय.

सकाळी साडेसहाला चिखलाकडे दुर्बीण लावली की आधी पक्षी दिसत नाहीत, निवट्या दिसतात, चिखलावर उड्या मारणारे आणि पाठीवरचे पर उभारून एकमेकांना दम देणारे मासे. मग डोळा सरावला की कळतं की चिखल हलतोय. लिटल स्टिंट. चिमणीएवढा पक्षी, वजन जेमतेम 25 ग्रॅम, आणि एका नजरेत शेकडो. त्यांच्यात थोडा मोठा, लांब आणि टोकाला खाली वाकलेल्या चोचीचा, तो कर्ल्यू सँडपायपर. थांबून थांबून पळणारे ते चिखल्या, म्हणजे प्लोव्हर.

चिखल्या आणि सँडपायपर या दोघांच्या खाण्याच्या पद्धती बघत अर्धा तास सहज जातो. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो चार पावलं पळतो, गपकन थांबतो, नजर लावतो, किडा हलला की टिपतो, पुन्हा पळतो. म्हणजे शिकार डोळ्यांनी, आणि म्हणूनच त्याला एकमेकांपासून अंतर लागतं, शेजारी दुसरा कुणी धावला की किडे आत जाणार. सँडपायपर मात्र खाली मान घालून घोळक्याने चालतात आणि चोच चिखलात खुपसत राहतात, कारण त्यांचं काम स्पर्शावर चालतं. चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक बारीक खळगे असतात आणि त्यात दाब ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके. यांचाच एक भाऊबंद रेड नॉट, त्याच्यावर नेदरलँड्समध्ये प्रयोग झालेत. ओल्या वाळूत चोच वरखाली केली की वाळूच्या कणांमधल्या पाण्यात दाबाची लाट तयार होते, वाटेत शिंपला असेल तर दाबाचा पॅटर्न बदलतो, आणि चोच शिंपल्याला लागायच्या आधीच पक्ष्याला कळतं की खाली काहीतरी आहे. आणखी एक गंमत म्हणजे लांब चोचीचे हे पक्षी चोच बंद ठेवून नुसतं वरच्या चोचीचं टोक उचलू शकतात. चिखलात चार इंच खाली अख्खी चोच उघडायची म्हटलं तर केवढा जोर लागेल, त्यापेक्षा नुसतं टोक उघडून किडा धरायचा. गॉडविट नावाचा लांब चोचीचा पक्षी चोच डोळ्यापर्यंत बुडवून बाहेर काढतो तेव्हा टोकाशी वळवळणारा किडा दिसतो, तो नीट बघा, टोक वर वाकलेलं कळतं.

आठच्या पुढे पाणी चढायला लागतं आणि मग रंग दिसू लागतात.

कर्ल्यू सँडपायपर हिवाळ्यात वरून राखाडी, खालून पांढरा. एप्रिलच्या मध्यात त्याच थव्यात तुम्हाला सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसतात. एकजण पूर्ण राखाडी, दुसऱ्याच्या छातीवर चार-पाच विटकरी ठिपके, तिसरा अर्धामुर्धा, आणि एखादा चोचीपासून पोटापर्यंत भाजलेल्या विटेसारखा लालभडक. पक्षी रंग बदलतो म्हणजे जुनं पीस रंगत नाही, पीस ही मेलेली गोष्ट आहे, ती गळून नवीन यावी लागते. पण उडायला लागणारी पंखांची मोठी पिसं या वेळी बदलत नाहीत, ऐन प्रवासाच्या तोंडावर कोण बदलेल, फक्त अंगावरची बदलतात. नवीन लाल पिसांना सुरुवातीला पांढरट किनार असते, ती घासून घासून जाते, त्यामुळे पक्षी पुढच्या काही आठवड्यांत नवीन पीस न येताच आणखी लाल दिसायला लागतो. चिखल्यांमध्ये सँड प्लोव्हर बघा, त्याच्या छातीवर नारिंगी पट्टा आणि डोळ्यावर काळा मुखवटा चढत असतो. डिसेंबरात याला ओळखताना जाणकारांमध्येही वाद होतात.

कुरवांचंही तेच. गेटवेवरून एलिफंटाला किंवा मांडव्याला जाताना लाँचच्या मागे जे पांढरे पक्षी लोकांनी फेकलेल्या गाठी (गाठिया) झेलत येतात ते हे, सीगल म्हणतात सगळे. ब्लॅक-हेडेड गल नाव ऐकून लोक डोकं काळं शोधतात आणि हिवाळ्यात दिसतो नुसता कानामागे एक ठिपका. मार्चमध्ये या, तपकिरी टोपी चढलेली असते. (गाठी घालू नका ही विनंती, त्यात त्यांच्या कामाचं काहीच नसतं.)

आता हे सगळं चैत्रातच का, यांना कळतं कसं? मुंबईत डिसेंबर आणि जूनच्या दिवसात फरक फार नाही, अकरा तासांचा दिवस सव्वातेरा तासांचा होतो एवढंच, आणि सायबेरियात बर्फ वितळलं का हे इथल्या चिखलात बसून कळायचा काही मार्ग नाही. जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी स्थलांतर करणारे छोटे पक्षी कायम एकसारख्या उजेडात आणि एकसारख्या तापमानात वाढवले. बाहेर कुठला ऋतू आहे याचा काही पत्ता नाही, तरी ते पक्षी दरवर्षी साधारण ठरल्या वेळी पिसं बदलायचे, जाडे व्हायचे आणि प्रवासाच्या दिवसांत रात्री पिंजऱ्यात अस्वस्थ फडफडायचे. म्हणजे शरीरात वर्षाचं घड्याळ असतंच, फक्त ते नेमकं बारा महिन्यांचं नसतं, थोडं मागेपुढे जातं, आणि दिवसाच्या लांबीतला फरक ते दरवर्षी जुळवून घ्यायला उपयोगी पडतो.

जाडे होणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. पक्ष्यांना कडी घालणारे लोक, आपल्याकडे बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे) शास्त्रज्ञ हे काम कित्येक वर्षं करतायत, पक्षी हातात उलटा धरतात आणि पोटावर हलकी फुंकर मारतात. पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखालून पिवळसर चरबी सरळ दिसते. गळ्याखाली दोन हाडांच्या मधे एक खळगा असतो, जानेवारीत तो रिकामा असतो, आणि एप्रिलअखेर मोदकात सारण दाबून भरावं तसा फुगून वर आलेला. हिवाळ्यात 50-60 ग्रॅमचा कर्ल्यू सँडपायपर निघायच्या वेळी 80 च्या पुढे जाऊ शकतो. आपण महिन्याभरात वजन दीडपट केलं तर डॉक्टर काय म्हणतील!

चरबीच का, तर एक ग्रॅम चरबीतून मिळणारी ऊर्जा साखर-पिठुळ पदार्थांच्या दुपटीहून जास्त असते, आणि शरीरात साखर साठवायची तर सोबत भरपूर पाणीही साठवावं लागतं, ते वजन धरलं की चरबी आठपटीच्या आसपास भारी पडते. उडणाऱ्याला ग्रॅम ग्रॅम मोजावा लागतो. शिवाय चरबी जळताना पाणी तयार होतं, वाटेत प्यायला उतरायची गरज कमी. अलास्कात ऐन निघायच्या वेळच्या बार-टेल्ड गॉडविटांची शरीरं तपासली तर त्यांचा पोटा, आतडी, यकृत हे सगळं आक्रसून छोटं झालेलं सापडलं. उडताना खायचंच नाही तर पचनाची यंत्रं कशाला वाहायची. 2022 मध्ये टॅग लावलेला याच जातीचा एक चार-पाच महिन्यांचा पोरगा अलास्काहून टास्मानियाला 11 दिवसांत 13,560 किलोमीटर न थांबता गेला. आपल्या खाडीतल्यांना एवढी लांब उडी घ्यावी लागत नाही, मध्य आशियात थांबे आहेत, पण कर्ल्यू सँडपायपरचं घर म्हणजे सायबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमीर द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेचा पट्टा, मुंबईपासून सरळ रेषेत साधारण सहा हजार किलोमीटर. या मार्गाला सेंट्रल एशियन फ्लायवे म्हणतात, तो 30 देशांवरून जातो.

तिथे पोचल्यावर काय होतं याचा इथे आपल्याला दिसणाऱ्या आकड्यांशी थेट संबंध आहे आणि तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात भन्नाट भाग वाटतो. टुंड्रावर लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी असतात, दर तीन-चार वर्षांनी त्यांची संख्या प्रचंड वाढते आणि मग कोसळते. आर्क्टिक कोल्हे एरवी लेमिंग खाऊन जगतात. लेमिंग कोसळले की भुकेले कोल्हे जमिनीवरच्या घरट्यांकडे वळतात, आणि कर्ल्यू सँडपायपरची अंडी-पिल्लं फस्त होतात. दक्षिण आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया इथे त्या वर्षीची पिल्लं किती आली याच्या नोंदी ठेवल्या तेव्हा पिल्लांचे चांगले-वाईट सीझन लेमिंगच्या चक्राबरोबर चालताना दिसले. म्हणजे तैमीरच्या उंदरांचा हिशेब केपटाऊनच्या चिखलावर वाचता येतो.

तिथली आणखी एक बातमी मात्र बरी नाही. बर्फ आता लवकर वितळतं, किड्यांचा हंगाम पुढे सरकतो, पण पक्षी आपल्या घड्याळाने पोचतात. 2016 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की तैमीरमध्ये बर्फ लवकर गेलेल्या वर्षी जन्मलेली रेड नॉटची पिल्लं लहानखुरी राहिली, चोचीही आखूड. आणि ती हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाला गेली तेव्हा आखूड चोच खोलवरच्या शिंपल्यांपर्यंत पोचेना, त्यामुळे कमी जगली. आर्क्टिकमधल्या उन्हाळ्याची किंमत आफ्रिकेतल्या चिखलात.

दुपारी बाराला खाडीत चिखल शिल्लक नसतो. तिवरांच्या बुंध्यांपर्यंत पाणी येतं आणि सगळे पक्षी उचलून मागच्या पाणथळीत, मिठागरांत, बांधांवर येऊन बसतात. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत. बघायला ही सगळ्यात सोपी वेळ, आणि सगळ्यात नाजूक. एकदा थवा उठवला की अर्धा तास घिरट्या घालतो, साठवलेल्यातलं खर्च होतं. एवढं माहीत असूनही मोठ्या लेन्सा घेऊन बांधावरून सरळ थव्यात चालत जाणारे लोक आहेत, उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून टाळ्या वाजवणारे पण. गेल्या खेपेला जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या एका काकांनी अशाच एकाला हटकलं, 'ए भावा, आज उधान हाय, त्याना बसाला दुसरी जागा नाय. दोन तास थांब, पानी उतरल्यावं त्येच जातील.' अख्खा पर्यावरणाचा पेपर दोन ओळीत. थव्यांना उठवणारे नैसर्गिक गडी आहेतच, दलदल ससाणा बांधावरून खालून खालून येतो, कधी बहिरी ससाणा. त्यांचं चालतं, त्यांना पोट आहे. आणि मिठागर म्हणजे पडीक जागा असं ज्यांना वाटतं त्यांनी पौर्णिमेच्या दुपारी बाराला एकदा येऊन बघावं, कारण चिखल कितीही राखला तरी भरतीला बसायची ही जागा गेली की पक्षीही जातात.

फ्लेमिंगो, बरं. आपल्याकडे यांना रोहित म्हणतात, दोन जाती, मोठा आणि छोटा, आणि खाडीत छोट्यांची बहुसंख्या, चांगल्या वर्षी एकूण मोजणी लाखाच्या वर जाते. मोठा रोहित किडे, बारीक शिंपले, कोळंबीसारखे जीव गाळतो, छोट्याची गाळणी इतकी बारीक की तो मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, डोकं उलटं करून, जिभेने सेकंदाला वीसेक वेळा पाणी आत-बाहेर करत. दोघं शेजारी उभे राहून खातात तरी भांडण नाही, ताटच वेगळं. खाडीत शेवाळ एवढं का, तर आपलं सांडपाणी, ही फार अभिमानाने सांगायची गोष्ट नाही. गुलाबी रंग त्या खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचा, सँडपायपरचा विटकरी मात्र त्याच्या शरीराने स्वतः बनवलेल्या मेलॅनिन रंगद्रव्याचा. मोठे रोहित तर विणीच्या आधी शेपटीजवळच्या ग्रंथीतलं रंगीत तेल मानेला फासून आणखी गुलाबी होतात, स्पेनमधल्या अभ्यासात ते दिसलंय, सरळ मेकअप. रोहित भरतीप्रमाणे रात्रीही जागा बदलतात, मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून 39 रोहित मेले तेव्हा बऱ्याच मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की हे पक्षी रात्री शहरावरून उडतात. पाऊस जवळ आला की बहुतेक गुजरातकडे जातात.

संध्याकाळी थांबायचं ते चिखलाचे पक्षी निघताना बघायला. हे रोज घडेलच असं नाही. पण एप्रिलअखेर, आकाश स्वच्छ असेल तर, सूर्य मावळायच्या आधीच्या तासा-दोन तासात एखादा थवा अचानक बोलायला लागतो. एरवी खातानाचे आवाज वेगळे, हे वेगळे, अखंड. मग वीस-तीस पक्षी वर उठतात, नेहमीसारखे चिखलावर गोल फिरून परत बसत नाहीत, चढत राहतात, वर जाऊन ओळ धरतात, आणि त्यातले एक-दोन कधी कधी परत खाली येतात. त्यांची तयारी झालेली नसते बहुतेक. रात्रीचा प्रवास बऱ्याच कारणांनी सोयीचा, हवा थंड आणि शांत, शिकारी कमी, दिशा धरायला तारे.

मे महिन्यात चिखलावर जे राखाडी सँडपायपर अजून फिरताना दिसतात ते आजारी नसतात. ती गेल्या वर्षीची पोरं. त्यातली बरीच पहिल्या वर्षी जातच नाहीत, रंगही चढवत नाहीत, पावसाळा इथेच काढतात. कर्ल्यू सँडपायपरचे मोठे नर जुलैअखेरीपासून परत यायला लागतात, कारण अंडी उबवणं एकटी मादी करते आणि नर जूनअखेरच काढता पाय घेतात. लालसर पण विटलेले, पिसं झिजलेली, भर पावसात. त्यांच्यामागून माद्या, आणि शेवटी पिल्लं, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी आणि छातीवर फिकट बदामी छटा, ओळखायला सोपी. सप्टेंबरमध्ये शंभर कर्ल्यू सँडपायपरांत अशी किती ते मोजून ठेवा, तैमीरला त्या वर्षी लेमिंग होते की नव्हते याचा अंदाज येईल.

आणि जे कुठेच जात नाहीत त्यांचा सीझन एप्रिलमध्येच भरात असतो. शेकाट्या मिठागराच्या काठावर घरट्यासाठी भांडत असतात, टिटवी बांधावर उघड्यावरच चार अंडी घालते, मातकट रंगावर काळे डाग, ढेकळांत ती अजिबात दिसत नाहीत. एप्रिलच्या दुपारी अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात, म्हणून ती पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन बसते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं गावाकडे म्हणतात, पण हल्ली टिटव्या बिल्डिंगच्या गच्चीवरही अंडी घालतात, त्या हिशेबाने दरवर्षी महापूरच यायला हवा. बांधावर ट्रायपॉड उभा करायच्या आधी पायाखाली नीट बघा, आणि टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत असेल तर दहा-वीस पावलं मागे या, अंडी तिथेच कुठेतरी आहेत.